मोर्तब राहिलेला कागद

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे की, राजेरजवाड्यांच्या पदरी आयुष्य घालवलेली माणसं आता थोडी उरली, तेव्हा हत्ती, दरबार, मेजवान्या आणि शिकारी यांच्या आठवणी द्या, वाचकांना आवडतील. आवडतील यात शंका नाही. पण आमच्या संस्थानात हत्ती नव्हता. दसऱ्याला शेजारच्या संस्थानातून एक म्हातारी हत्तीण मागून आणायचे. तिचे गुडघे धरलेले असल्यामुळे ती खाली बसत नसे, म्हणून राजेसाहेबांना शिडी लावून वर चढवावं लागे. शिकारीचं म्हणाल, तर माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत राजेसाहेबांच्या हातून एकच प्राणी मेला. तो म्हणजे लोणावळ्याच्या बंगल्यातला उंदीर, आणि तोही दार लावताना चेंगरला.

संस्थानाचं नाव सांगत नाही. वारस मंडळी हयात आहेत, आणि नाव सांगितलं तरी नकाशावर भिंग धरावं लागेल.

मी मूळचा तळेगावचा. मोडी अक्षर वळणदार, इंग्रजी बेताचं आणि मान खाली घालायची सवय, एवढ्या भांडवलावर मला पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी शिक्केनवीसाची जागा मिळाली. ही जागा काय असते ते सांगतो. तुम्ही आता एखादी गोष्ट पक्की झाली की 'शिक्कामोर्तब झालं' म्हणून मोकळे होता. आमच्याकडे शिक्का आणि मोर्तब हे खरोखरीचे दोन ठसे होते. शिक्का मोठा, रुपयाएवढा, तो कागदाच्या माथ्यावर उठवायचा. मोर्तब लहान, चिंचोक्याएवढं, ते मजकूर संपला की अगदी शेवटच्या अक्षराला लागून उठवायचं, म्हणजे मागाहून कोणाला खाली एक ओळही वाढवता येत नाही. राजाने सही करायची नाही, अशी जुनी रीत. शिक्का म्हणजे राजा बोलला, आणि मोर्तब म्हणजे राजाचं बोलून झालं. नुसता शिक्का असलेला कागद कच्चा. त्याला चुलीत घालायलाही हरकत नसे.

दोन्ही ठसे एका शिसवी पेटीत असत आणि ती पेटी माझ्या काखेत. राजेसाहेब जिथे जातील तिथे चार पावलं मागे मी.

आता खरी गंमत सांगतो. राजेसाहेब लहानपणी दत्तक येऊन गादीवर बसले, तेव्हाच्या करारान्वये सगळा कारभार दिवाणांच्या हाती होता. दिवाण नेमायचे इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांच्या संमतीने. राजेसाहेबांच्या हाती उरलं काय, तर दसऱ्याला गादीवर बसणं, अत्तरगुलाब, पानसुपारी, कोनशिला आणि श्रावणातली दक्षिणा. बाकी ते हुकूम देत. रोज देत. हुकूम द्यायला कोणाची मनाई नव्हती.

दिवाणसाहेब मोठे सभ्य गृहस्थ. सरकारांना 'नाही' म्हणायचं, हे त्यांच्या तोंडून कधी झालं नाही. राजेसाहेब हुकूम सांगत, मी लिहीत असे, माथ्यावर शिक्का उठवत असे आणि मग हळूच दिवाणसाहेबांकडे पाहत असे. त्यांनी चष्मा नाकावरच ठेवला असेल तर मोर्तब उठवायचं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, तर 'शाई वाळू द्या सरकार' म्हणून कागद गुंडाळायचा आणि आतल्या कपाटात टाकायचा. त्या कपाटात डोकं असलेल्या आणि पाय नसलेल्या हुकमांचे गठ्ठे होते. त्यात मुलींची शाळा होती, दोन पूल होते आणि माझी पगारवाढही होती.

उन्हाळ्यात सगळा लवाजमा लोणावळ्याच्या बंगल्यावर येई. मी नोकरीला लागलो तेव्हा तिकडे धरणाचं काम चालू होतं आणि दुपारी सुरुंग उडत. आमच्या संस्थानाला तोफांच्या सलामीचा मान नव्हता. शेजाऱ्यांना नऊ तोफा होत्या आणि हे शल्य राजेसाहेबांना जेवू देत नसे. लोणावळ्यात त्यांना त्यावर तोड सापडली. दुपारचा चहा ते दरीकडच्या व्हरांड्यात घेऊ लागले. पहिला सुरुंग उडाला की कप खाली ठेवून उभे राहत, छाती काढत, आणि शेवटचा आवाज विरेपर्यंत हलत नसत. "आज सात," म्हणून बसत. एकदा अकरा झाले, तेव्हा बंगल्यात पेढे वाटले. उभा मीही राहत असे. पगारी माणूस, बसून कसं चालेल? धरण पुरं झालं त्या वर्षी राजेसाहेबांचं जेवण निम्म्यावर आलं.

दुसरी गोष्ट पावलांची. एजंटसाहेब मे महिन्यात भेटीला यायचे. त्यांना सामोरं जाताना राजेसाहेबांनी गालिच्यावर अकरा पावलं चालायची, हे करारात होतं. दहा चालले तर एजंटांचा अपमान, बारा चालले तर गादीचा. एका वर्षी लोणावळ्याच्या पावसाने तो गालिचा टोकाकडून कुजला आणि दिवाणसाहेबांनी खराब झालेला भाग कापून टाकला. आता अकरा पावलांना सातांचीच जागा उरली. राजेसाहेब तीन दिवस व्हरांड्यात सराव करत होते. भेटीच्या दिवशी ते नव्या नवरीसारखे टिचभर टिचभर पावलं टाकत निघाले आणि एजंटसाहेब पलीकडे हात पुढे करून ताटकळत उभे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारांच्या पायाला काय झालं म्हणून डॉक्टर पाठवला. खरं सांगायची सोय नव्हती. राजेसाहेब आठवडाभर धडधाकट पायाला पट्टी बांधून पडून राहिले.

अशा माणसाला मी मनातल्या मनात किती हसलो असेन याची गणती नाही. घरी बायकोला नकला करून दाखवायचो. बुजगावण्यालासुद्धा कावळे भितात, आमच्या राजाला कोणी भीत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

आता त्या कागदाकडे येतो. हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

बंगल्याच्या आवारात, मागच्या उतारावर, एक झरा होता. कातळातून बारमाही पाणी यायचं आणि खाली दगडी कुंडात साठायचं. उताराखाली वीसेक घरांची वाडी होती. लोणावळ्याचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, पण तो सगळा वाहून जातो आणि चैत्र-वैशाखात तिथल्या बायका पाण्यासाठी वणवण करतात. बंगला व्हायच्या आधीपासून ती वाडी या झऱ्यावर पाणी भरत होती. पुढे एजंटसाहेबांच्या मडमेला टेनिस खेळता यावं म्हणून दिवाणसाहेबांनी पाऊलवाटेवरच पटांगण केलं आणि भोवती काटेरी तार ओढली. वाडीला दुसरं पाणी खालच्या घळीत होतं. तिथली उतरण अशी, की शेळीनेही विचार करावा.

त्या चैत्रात एका सकाळी राजेसाहेब धोतर-सदऱ्यावर, बोडक्या डोक्याने, बागेत फिरत होते. मागे मी, काखेत पेटी. तारेपलीकडे चाळिशीची एक बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन पहारेकऱ्याशी भांडत होती. ती ठकूमावशी. राजेसाहेबांना पाहून तिने हाक मारली.

"ओ भाऊ, तुमी हितलं माळी काय? जरा ह्या शिपायाला सांगा की. पाडव्यापास्नं आमचं पानी बंद केलंय."

"कोणी बंद केलं?" राजेसाहेबांनी विचारलं.

"तुमच्या राजानं. दुसरं कोन करनार?"

मी मागून तिला गप्प राहण्याच्या खुणा करू लागलो. तिने माझ्याकडे पाहून म्हटलं, "ह्यो बाबा कशापायी डोळं मोडाया लागलाय?"

राजेसाहेब तारेजवळ गेले. मग अगदी हळू, चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "मीच राजा."

ठकूमावशीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मंग लय ब्येस झालं. तुमालाच सांगते," असं म्हणून तिने हंडा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. सासूपासून हेच पाणी. घळीत जायला नि यायला अर्धी सकाळ. घरात सगुणा, तिची सून, सातव्या महिन्यात. "ती हंडा घिऊन घळीत उतारली तर म्या तिच्या आयला काय सांगू?"

उभ्या जन्मात राजेसाहेबांकडे कोणी असं काही मागितलं नव्हतं. लोक मागायचे ते दिवाणांकडे, सरकारांना फक्त नमस्कार करायचे. त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आवरेना. ते तिला, हंड्यासकट, व्हरांड्यात घेऊन आले. दिवाणसाहेब तिथे वर्तमानपत्र वाचत बसले होते. राजेसाहेबांनी उभ्यानेच मजकूर सांगितला. वाडीच्या बायामाणसांस आवारातील झऱ्याचे पाणी आचंद्रार्क भरू द्यावे, वाट मोकळी ठेवावी, अडथळा करील तो सरकारचा अपराधी. 'आचंद्रार्क' या शब्दावर त्यांनी आवाज चढवला.

मी लिहिलं. माथ्यावर शिक्का उठवला, छान उठला. मग सवयीने मान वळवली.

दिवाणसाहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवला.

मोर्तब माझ्या उजव्या हातात होतं. शाई लागलेली होती. मी ते पुसून पेटीत ठेवलं. "शाई वाळू द्या सरकार," मी म्हणालो. एरवी कागद माझ्याकडेच राहायचा, पण त्या दिवशी राजेसाहेबांनी तो स्वतः उचलला, खालीवर पाहिला आणि दोन्ही हातांनी ठकूमावशीला दिला. तिने तो डोळ्यांना लावला. वाचता येणारं वाडीत कोणी नव्हतं.

राजेसाहेब बंगल्यावर होते तोवर वाट खुली राहिली. अक्षयतृतीयेला ते एका लग्नासाठी बडोद्याकडे गेले, आम्ही सगळे त्यांच्याबरोबर. तिकडे असताना इकडे तारेचं फाटक बंद झालं. ठकूमावशीने कागद दाखवला. बंगल्याच्या व्यवस्थापकाने आधी माथा पाहिला आणि उभा राहिला. मग पायथा पाहिला आणि खाली बसला. कागद कच्चा आहे, म्हणाला.

आम्ही परत आलो तेव्हा वळवाचा पाऊस होऊन गेला होता. ठकूमावशी दारात उभी होती. हंडा नव्हता, कागद होता.

"भाऊ, ह्यो कागूद तुमीच लिवला न्हवं?"

"हो मावशी."

"मंग त्यो खोटा हाय आसं का म्हंत्यात?"

"खोटा नाही. त्यावर थोडं काम राहिलंय."

"कंदी करनार?"

"दिवाणसाहेबांना विचारावं लागेल."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "सगुणा घळीत पडली. प्वार पोटातच गेलं. पाय बी मोडलाय तिचा." हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. "तुमचं काम झालं की सांगा. म्या येईन."

मी दिवाणसाहेबांना विचारलं नाही. त्यांचा चष्मा मला ठाऊक होता, आणि माझ्या दोन मुली लग्नाच्या होत्या. हे कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता त्याची चवही लागत नाही.

ती दर चैत्राला यायची. लवाजमा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभी. "भाऊ, कामाचं कसं?" "अजून नाही मावशी." "बरं." आणि निघून जायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिच्यामागे कधी सगुणा असे, एका पायावर भार देऊन उभी. तिला पुढे मूल झालं नाही. मी फाटकाकडे जायचं टाळू लागलो, तर ती मागच्या अंगाला येऊन थांबायची.

पुढे राजेसाहेबांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली आणि रौप्यमहोत्सव ठरला. स्मरणिकेत त्यांचं चरित्र घालायचं होतं. लिहिणार कोण? अक्षर चांगलं असलेला मी. पंचवीस वर्षांत माणसाने काय केलं हे शोधायला मी दफ्तर उपसलं आणि कपाळाला हात लावला. कोनशिला सोडल्या तर काही नाही. शेवटी राजेसाहेबांनाच विचारलं. ते आरामखुर्चीत पडले होते, ते उठून बसले. मग म्हणाले, "ते पाण्याचं लिहा. वाडीला झरा खुला करून दिला, ते."

मी तोपर्यंत त्यांच्यासमोर कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली. "सरकार, त्या कागदावर मोर्तब नव्हतं. झरा बंद आहे. ती बाई अजून दर वर्षी येते."

"ठाऊक आहे," राजेसाहेब म्हणाले. "कागद देताना मी खाली पाहिलं होतं."

माझ्या लेखी हा माणूस तिथेच संपला. बुजगावणं म्हणत होतो, ते तरी निदान शेतात उभं राहतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. ते रागावले नाहीत.

"माझ्या हातात शिक्का कधीच नव्हता," ते म्हणाले. "तुमच्या होता. मी हुकूम दिला होता, चार माणसांदेखत दिला होता. तुम्ही मोर्तब मारलं असतंत, तर दिवाण काय ते पुसणार होते? फार तर तुमची नोकरी गेली असती." आणि मग, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "का नाही मारलंत?"

मी टाक उचलला. 'झरा खुला केला' हे वाक्य चरित्रात घातलं. स्मरणिका गुळगुळीत कागदावर निघाली. सगळीकडे वाटली.

त्यानंतर नकला करून दाखवायचं मी बंद केलं. बायकोने एकदोनदा विचारलं, मी घसा बसला म्हणालो.

संस्थानं विलीन झाली तेव्हा दिवाणसाहेब कधीच पेन्शन घेऊन गेले होते. राजेसाहेब तनखा ठरवून पुण्याला राहायला गेले. जाताना त्यांच्या निरोपाला कोणी फिरकलं नाही, आणि त्यांनी गाडीपर्यंतची पावलं मोजली का, हे मला माहीत नाही. लोणावळ्याच्या बंगल्यातल्या वस्तूंची यादी करायला मला पाठवलं. दुपारी सरकारी अंमलदार येणार होते, त्यांच्या ताब्यात शिसवी पेटी द्यायची होती. पहारेकरी चार दिवसांपूर्वीच काम सोडून गेले होते. मी व्हरांड्यात एकटा बसून यादी लिहीत होतो.

ठकूमावशी आली. केस पांढरे झाले होते, कमरेत वाकली होती. पायऱ्या चढून तिने फडक्यातून कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता, पण माथ्यावरचा शिक्का तसाच लख्ख होता.

तिने तोंड उघडायच्या आत मी उठलो. "द्या मावशी, कागद द्या," म्हणालो. टेबलावर कागद पसरला, पेटी उघडली, मोर्तबाला शाई लावली आणि 'अपराधी' या शेवटच्या शब्दाला लागून दाबून धरलं. कोणाच्या चष्म्याकडे पाहायचं नव्हतं. ठसा स्वच्छ उठला. मला रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

"झालं मावशी. काम झालं."

ती कागदाकडे वाकून पाहत राहिली. "ह्ये बारकं हुतं व्हय राह्यलेलं?"

"हो."

"येवढंच?"

"एवढंच."

"मंग आता ह्यो चालंल?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. "नाही मावशी. संस्थानच राहिलं नाही. हा कागद आता कुठेच चालायचा नाही."

"आसं," ती म्हणाली. मग कागद माझ्याकडे सरकवला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. म्या परत द्यायाच आलते. शिपाई ग्येलं त्या दिशीच बायकांनी तार तोडली. सगुणानंच पयला कोयता घातला. चार दिस झालं, पानी भरतोय आमी. म्हनलं, आता ह्यो कागूद घरात कशाला? ज्याचा त्याला दिऊन यावा."

मी उभाच होतो. मागच्या उतारावरून हंड्यांचे आवाज येत होते. इतका वेळ ते माझ्या कानावर पडत होते, आणि मला वाटत होतं मोलकरणी भांडी आवरताहेत. बंगल्यात मोलकरीण कुठली उरली होती?

ठकूमावशी पायऱ्या उतरली आणि वळली. "उनाचं बसलाय, भाऊ. चला, झऱ्यावं गार पानी प्या. तितं आता कुनी कुनाला अडवत न्हाई."

मला तहान लागली होती. पण मी गेलो नाही. मोर्तबाची शाई अजून ओली होती, आणि वारा सुटला होता. कागद तसा टाकून जाता येईना, म्हणून मी तिथेच, त्यावर फुंकर घालत बसलो.